मेगापिक्सेल नाही, ट्रिगर बघा
दादा, शेताच्या धुऱ्यावर रात्री कोण येतं ते बघायला, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा स्वस्तातला कॅमेरा विचारलात, म्हणून सांगतो. ४८ मेगापिक्सेलच्या आकड्यावर जाऊ नका, स्वस्त कॅमेऱ्यात तो बहुधा फुगवलेला असतो. ट्रिगर, म्हणजे जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ, अर्ध्या सेकंदाच्या आत हवा. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात रोह्याचं (नीलगायीचं) नुसतं शेपूट यायचं! ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फ्लॅश डोळ्याला दिसत नाही, म्हणून कॅमेरा चोरीला जायची भीती कमी. ८५० चा उजेड लांब जातो, पण लाल ठिपके दिसतात.

आणि आपला मे महिना लक्षात घ्या. सेन्सर जनावराच्या अंगातली आणि आजूबाजूची उष्णता यांतला फरक ओळखतो. ४५ अंशांत दुपारी तो फरक फारच कमी उरतो, जनावर समोरून गेलं तरी फोटो निघेलच असं नाही. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला ठेवा, समोरचं गवत कापा. जंगलाच्या हद्दीत मात्र वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय लावू नका.