सानियाच्या आधी ग्रँड स्लॅममध्ये मॅच जिंकलेली भारतीय बाई कोण?

रामनगरची आई:
माझी मुलगी बारा वर्षांची आहे, दोन वर्षांपासून रामनगरच्या कोर्टावर टेनिस खेळून राहिली. शाळेत तिला जुन्या महिला खेळाडूवर पाच मिनिटं बोलायचंय, सानियावर वर्गातल्या तिघी बोलणार म्हणून हिला दुसरं कोणीतरी पाहिजे आणि भारतीयच पाहिजे. कोर्टावरचे एक काका म्हणाले, ग्रँड स्लॅममध्ये मॅच जिंकलेली पहिली भारतीय म्हणजे निरुपमा वैद्यनाथन, १९९८, ऑस्ट्रेलियन ओपन. त्याच्या आधी कोणीच नव्हतं का हो?

धंतोलीकर:
होती ना ताई! लीला राव. १९३४ चं विंबल्डन, पहिल्याच राउंडमध्ये ग्लॅडिस साउथवेलला हरवलं, ४-६, १०-८, ६-२. निरुपमाचा विक्रम १९६८ नंतरच्या ओपन एरातला, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंनाही मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्या त्या काळातला, तोही मोठाच आहे, पण सांगताना लोक 'ओपन एरा' गाळून टाकतात आणि लीलाबाईंचं नावच पुसलं जातं, मला याचं खरंच वाईट वाटते.

मुलीला तो दुसरा सेट नीट समजावून सांगा. तेव्हा टायब्रेक, म्हणजे बरोबरी झाली की एकाच निर्णायक गेममध्ये सेट संपवायचा नियम, नव्हताच, विंबल्डनला तो १९७१ मध्ये आला, त्यामुळे दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळतच राहायचं. पहिला सेट गेलेला, हा गेला की मॅच गेली, आणि स्कोअर ६-६, मग ७-७, मग ८-८. तिथून सलग दोन गेम काढले बाईनं! तिसरा सेट मग ६-२.

संस्कृतवाली:
लीलाबाईंच्या आईबद्दलही बोलायला सांगा. पंडिता क्षमा राव, गांधीजींच्या सत्याग्रहावर संस्कृतात काव्य लिहिणाऱ्या, आणि स्वतः टेनिस खेळायच्या! क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित, म्हणजे तुकोबांच्या गाथेच्या इंदुप्रकाश प्रतीचे संपादक. आपल्याकडे गाथा घरोघरी आहे पण त्यांची नात विंबल्डनला जिंकली हे कोणाला ठाऊक नाही. लीलाबाईंनी पुढे संस्कृत नाटकं लिहिली, शास्त्रीय नृत्यावर पुस्तकं लिहिली.

रामनगरची आई:
दोघांचेही खूप आभार, सगळं तिला वाचून दाखवलं. आज सकाळी मैत्रिणीसोबत टायब्रेक न घेता सेट खेळून पाहिला, साडेसहाला सुरू केला तो ९-७ ला संपला तेव्हा आठ वाजत आले होते, कोर्ट तापलेलं, दोघींचे चेहरे लाल. पाण्याची बाटली तोंडाला लावूनच म्हणते, आई, भाषण ८-८ पासून सुरू करते.