विषय: घरमालकीण आजींची दुसरी खोली

नमस्कार मंडळी,
शांघायमध्ये भाड्याने जागा बघतेय. आजी स्वतः राहतात तो फ्लॅट म्हणे कापडगिरणीने दिला आणि नव्वदच्या दशकात ‘वर्षं मोजून’ विकला. मला देतायत त्या जुन्या खोलीची मालकी मात्र त्यांची नाही, नुसता वापरायचा हक्क. अनामत बुडणार नाही ना?
मीनल

मीनल,
वर्षं म्हणजे नोकरीची. पूर्वी घर द्यायची तुमची दानवेई, म्हणजे कारखाना, शाळा, कचेरी जे असेल ते. भाडं इतकं चिल्लर की त्यात डागडुजीही भागत नसे, आणि नंबर लागेपर्यंत सासूसासरे पडद्यापलीकडे. घरं लोकांना विकावीत हे चीनचे तेव्हाचे नेते डेंग शियाओपिंग १९८० मध्येच बोलले होते. त्यातली खोच अशी की भाडं वाढवल्याशिवाय घेणार कोण? १९९१ मध्ये शांघायने सिंगापूरच्या धर्तीवर घरासाठी भविष्यनिर्वाह निधी काढला. राहत्या भाडेकरूंना घरं विकताना नोकरीच्या वर्षांप्रमाणे किमतीत सूट दिली. १९९८ मध्ये घरवाटप बंद करायचा हुकूमच निघाला.
वापरायचा हक्क म्हणजे आपली पागडी समज. हक्काची खरेदी-विक्री होते, मालक सरकारच. भाडेपुस्तकावर नाव कुणाचं ते बघ आणि करार त्याच माणसाशी कर.
काका

काका,
पागडीची उपमा आवडली, पण गिरगावातला मालक भाडेकरू कधी जातोय याची वाट बघतो, इथलं सरकार तसं नाही. मला खुपतं ते निराळंच. ज्याची दानवेई तालेवार, त्याला आधीच मोठं घर, आणि सवलतीत मिळालं तेही तेच. १९९८ नंतर नोकरीला लागलेल्या पोराने बाजारभाव मोजायचा. आणि खेड्यातून आलेल्या मजुराकडे शहराचा हुकौ, म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद, नाही, तो तर त्या रांगेत कधी धरलाच नव्हता.
शिरीष

शिरीष,
खरंय. आमच्या ऑफिसातला ड्रायव्हर असाच, आन्हुई प्रांतातून आलेला. त्याच्यासमोर हा विषय काढत नाही मी.
काका

मंडळी, आभार.
आज खोली बघून आले. चार बिऱ्हाडांत एक स्वयंपाकघर, छताला चार दिवे, प्रत्येकाचं बटण ज्याच्या त्याच्या खोलीत. मी गेले तेव्हा एकच पेटलेला होता आणि दुसऱ्या बाई त्याच्याच उजेडात, पण जरा अंग चोरून, भाजी चिरत होत्या.
भाडेपुस्तकावर आजींच्या वारलेल्या यजमानांचं नाव आहे. बदलून आणते म्हणाल्यात. तोवर अनामत माझ्याकडेच.
मीनल