प्रोसेसर बदलायचाय, पण डोंगलवालं जुनं मराठी सॉफ्टवेअर चालायलाच हवं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेत आमचं घरगुती डीटीपीचं काम आहे. बाबा लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल वगैरे अजून पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर लावतात, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरही तेव्हाचंच, मागे यूएसबीला डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. मशीन म्हणजे इंटेलचा आय३ ६१०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर४ रॅम आणि ३२ बिट विंडोज १०.

आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, जीएसटी आणि बँकेची कामं त्याच मशीनवर होतात त्यामुळे असंच चालू ठेवायला मन धजत नाही. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो, आमचा सहावीचा, आणि या बोर्डावर सातवीच्या पुढचं चालत नाही, सॉकेटचा नंबर ११५१ च असला तरी. म्हणजे सातवीचाच सेकंडहँड आय७ ७७०० टाकून स्पीड मिळेल, पण अडचण तिथेच राहील.

म्हणून एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि बी५५० बोर्ड घ्यावा असं वाटतंय, त्यात ग्राफिक्स आहेच, वेगळं कार्ड नको. इंटेलवरून एएमडीवर गेलो तरी दोन्ही प्रोसेसर एक्स८६ या एकाच प्रकारचे, तेच प्रोग्रॅम चालतात, तिकडची काळजी नाही. धाकटा भाऊ एआरएमवालं (मोबाइलमध्ये असतो त्या वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरचं) मशीन घे म्हणतोय, वीज कमी खातं हे खरं, पण विंडोज तिथे जुने प्रोग्रॅम इम्युलेशनने (एक्स८६ ची नक्कल करून) चालवतं, ड्रायव्हर (विंडोजला डोंगल ओळखू देणारा छोटा प्रोग्रॅम) मात्र एआरएमसाठीच बनवलेला लागतो, आणि इतक्या जुन्या डोंगलचा तसा ड्रायव्हर कोण देणार? मॅक मिनीवर पण तेच, तिथलं रोझेटा हे नक्कल करणारं सॉफ्टवेअर मॅकचे इंटेल प्रोग्रॅम चालवतं, विंडोजचे नाही.

खरी भीती वेगळीच आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिट येतं, म्हणजे एक्स८६ वर राहूनही डोंगलला ६४ बिट ड्रायव्हर लागणार, आणि सीडीवरचा इन्स्टॉलर १६ बिटचा निघाला तर तो सुरूच होणार नाही. फाइल्स सगळ्या जुन्या फॉन्टमधल्या, कुठेही वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत, सॉफ्टवेअर गेलं की बाबांचं सगळं जुनं काम नुसत्या चिन्हांचा ढीग होऊन बसेल.

तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका विंडोजच्या आत दुसरं विंडोज चालवायचं सॉफ्टवेअर) ३२ बिट विंडोज टाकून, नेट बंद ठेवून, यूएसबी डोंगल आत जोडून कोणी रोजचं काम केलंय का? डोंगल मध्येच सुटतो का, प्रिंट नीट येते का? की जुनं मशीन फक्त पेजमेकरला ठेवून नवीन वेगळं घ्यावं? तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्याआधी ठरवायचंय. अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.