यादृच्छिक चाचण्या आणि नोंदींवर आधारलेले अभ्यास एकाच मेटा-ॲनालिसिसमध्ये घ्यावेत का?

प्रश्न: पदव्युत्तर विद्यार्थिनी, सामुदायिक वैद्यकशास्त्र, सोलापूर

सर्वांना नमस्कार. क्षयरुग्णांना औषधांसोबत पोषण आहार किंवा त्यासाठी रोख मदत दिल्यास उपचारकाळातील मृत्यू कमी होतात का, या विषयावर मी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (उपलब्ध सर्व अभ्यासांचा ठरलेल्या पद्धतीने आढावा) करत आहे. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या घरांतले कमालीचे कमी वजनाचे रुग्ण आमच्या ओपीडीत नेहमीच येतात, त्यामुळे विषय शोधायला लांब जावे लागले नाही. अडचण पुढची आहे. चाळणीनंतर हाती उरलेल्या यादृच्छिक चाचण्या (ज्यांत कोणाला मदत द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते) मोजक्या आणि लहान आहेत, आणि त्यांतले मृत्यू इतके थोडे आहेत की कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा परिणाम ज्यात असावा असा अंदाजाचा पट्टा) अतिशय रुंद येतो. याउलट निक्षय पोषण योजनेसारख्या (क्षयरुग्णांना आहारासाठी रोख मदत देणारी सरकारी योजना) कार्यक्रमांच्या नोंदींवरचे निरीक्षणात्मक अभ्यास, ज्यांत गट संशोधक ठरवत नाहीत, मोठे आहेत आणि त्यांपैकी काहींत फायदा ठळक दिसतो. सगळे एकत्र करून, म्हणजे मेटा-ॲनालिसिस करून, एकच आकडा द्यावा, असे माझ्या गाइड मॅडमचे म्हणणे आहे. संख्याशास्त्राच्या सरांचा त्याला साफ नकार आहे. पण कारण विचारले की ‘तसे करत नाहीत’ एवढेच उत्तर मिळते. नेमके कारण कोणी समजावून सांगेल का? आणि एकत्र करायचे नसेल, तर निरीक्षणात्मक अभ्यास सरळ वगळावेत का?

उत्तर १: जीवसंख्याशास्त्राचे अध्यापक

सरांचे उत्तर तुटक असले तरी बरोबर आहे. मेटा-ॲनालिसिसमध्ये अभ्यासाला मिळणारे वजन त्याच्या अचूकतेवर, म्हणजे तुमच्या बाबतीत मुख्यतः मृत्यूंच्या संख्येवर ठरते. तो अभ्यास कितपत विश्वासार्ह आहे, हे त्या सूत्राच्या गावीही नसते. समजा, सर्व चाचण्यांत मिळून ४० मृत्यू आहेत आणि नोंदींवरच्या अभ्यासांत ८००. फिक्स्ड इफेक्ट पद्धतीने (खरा परिणाम सर्व अभ्यासांत एकच मानून) साधारण ९५ टक्के वजन नोंदींना जाईल. फॉरेस्ट प्लॉटच्या (सर्व अभ्यासांचे निकाल एकाखाली एक दाखवणाऱ्या आलेखाच्या) तळाशी येणारा एकत्रित आकडा मग नोंदींचाच असेल, आणि वाचणारा मात्र त्यात चाचण्याही आहेत म्हणून त्याच्यावर जास्त विश्वास ठेवील. रँडम इफेक्ट्स पद्धतीत (खरा परिणाम अभ्यासागणिक वेगळा असू शकतो असे मानून) वजन थोडे समान वाटले जाते, पण बायस (अभ्यासाच्या पद्धतीमुळे निकालात येणारा कल) एका दिशेचा असेल तर तो त्यानेही जात नाही. रुग्णसंख्या वाढली की इंटरव्हल अरुंद होतो, इतकेच. चुकीच्या जागेभोवती अरुंद झालेला इंटरव्हल रुंद इंटरव्हलपेक्षा अधिक फसवा असतो.

वगळू मात्र नका. कॉक्रेन या वैद्यकीय आढावे करणाऱ्या संस्थेच्या हँडबुकचा सल्लाही दोन्ही प्रकार एकाच बेरजेत न मिसळता वेगवेगळे मांडावेत, असाच आहे. चाचण्यांसाठी आरओबी-२ आणि इतर अभ्यासांसाठी रॉबिन्स-आय ही बायस जोखण्याची साधने वापरून बायस तपासा, दोन स्वतंत्र प्लॉट द्या आणि मग दोन्हींची दिशा जुळते का, यावर लिहा.

उत्तर २: छातीरोगतज्ज्ञ, सोलापूर

या विषयात बायस कुठून शिरतो, ते कार्यक्रमात रोज दिसते. योजनेचे पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. २०१८ मध्ये ही मदत महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० झाली. नोंदणी, खाते पडताळणी आणि मंजुरी होईपर्यंत काही आठवडे जातात, आणि क्षयाचे बरेचसे मृत्यू उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांतच होतात. फार उशिरा आलेला, जेमतेम तीस किलोचा रुग्ण तिसऱ्या आठवड्यात दगावला, तर नोंदीत त्याच्यापुढे ‘लाभ मिळाला नाही’ असेच येणार. पैसे मिळाले नाहीत म्हणून तो गेला, असे नसून तो गेला म्हणून पैसे मिळाले नाहीत. लाभार्थी आणि बिगर-लाभार्थी अशी सरळ तुलना करणाऱ्या अभ्यासात हे सगळे मृत्यू एकाच बाजूला साचतात. शिवाय खाते नसलेला, ऊसतोडीला गेलेला, पत्ता बदललेला रुग्ण मुळातच जास्त जोखमीचा असतो.

थोडे विषयांतर करतो. मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काही रुग्णांना घरी आणि काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले होते. सॅनेटोरियममधल्यांचा आहार कितीतरी सरस होता, तरी वर्षभराच्या औषधोपचारानंतर दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे आले. त्यामुळे आहाराचा फायदा गृहीत धरून चालू नये.

विद्यार्थिनी:

मनःपूर्वक आभार, सर. मॅडमची बाजूही मांडते. २०१४ च्या एका कॉक्रेन रिव्ह्यूत दोन्ही प्रकारच्या अभ्यासांच्या निकालांची तुलना केली, तेव्हा दोन्हींच्या निकालांचे गुणोत्तर (१ म्हणजे काहीच फरक नाही) १.०८ आले आणि इंटरव्हल ०.९६ ते १.२२ होता. म्हणजे फारसा फरक पडत नाही, असे नाही का?

उत्तर ३: जीवसंख्याशास्त्राचे अध्यापक

तो आकडा अनेक विषयांची सरासरी आहे. सरासरी जुळली म्हणून तुमचा विषय जुळेल, असे नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांनी हृदयविकार टळतो, असे मोठे निरीक्षणात्मक अभ्यास सांगत होते. २००२ मध्ये वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या चाचणीतला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा गट मुदतीआधी थांबवावा लागला, कारण फायद्यापेक्षा धोके जास्त दिसले.

‘चाचणी’ या शिक्क्यावरही विसंबू नका. झारखंडमधली ‘रॅशन्स’ चाचणी, जिचे निकाल २०२३ मध्ये आले, तुमच्या यादीत असेलच. तिच्यात घरातल्या संपर्कातील व्यक्तींचे गट यादृच्छिक होते आणि शिध्यामुळे त्यांच्यातला नवा क्षयरोग ३९ टक्क्यांनी घटला. पण शिधा दोन्ही गटांतल्या रुग्णांना मिळत होता. त्यामुळे वजन वाढलेल्या रुग्णांत मृत्यू कमी, हा तिचा दुसरा निष्कर्ष निरीक्षणात्मकच ठरतो. तुमचा प्रश्न रुग्णांच्या मृत्यूचा आहे, तेव्हा ती नोंद चाचण्यांच्या रकान्यात टाकू नका. वर्गीकरण अभ्यासाच्या नावावरून नव्हे, त्यातल्या प्रत्येक निकालावरून करा.

नोंदींवरच्या अभ्यासांतून डेटा काढताना एक रकाना वाढवा: लाभ कधीपासून मोजला? ज्यांनी दोन महिने जगलेल्या रुग्णांपासूनच तुलना सुरू केली किंवा लाभाला काळानुसार बदलणारा घटक मानले (पैसे मिळेपर्यंतचे दिवस ‘लाभ नाही’ यात धरले), ते वेगळे काढा. फायदा फक्त उरलेल्यांतच दिसत असेल, तर डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली गोष्ट तुम्हाला आकड्यांत सापडेल. आणि प्रॉस्पेरोवर (अशा रिव्ह्यूंची आगाऊ नोंद करण्याचे संकेतस्थळ) नोंदवलेल्या प्रोटोकॉलमध्ये एकत्रीकरण लिहिले असेल, तर बदल आत्ताच, तारीख आणि कारणासह नोंदवा. परीक्षक ते सर्वांत आधी पाहतात.