परदेशात कॅमेऱ्याच्या बॅटरीचं कसं जमवता?

वाटसरू_७:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात तीन आठवडे बाहेर चाललोय, आधी ब्रिटन मग फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि शेवटी जपान. कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला, सगळं स्क्रीनवरच दिसणारा) आहे, बॅटरी एकच, आणि दिवसभर फिरलं की चार वाजताच लाल दिवा लागतो. एकजण म्हणतो तिकडे व्होल्टेज वेगळं, कन्व्हर्टर घे नाहीतर चार्जर जळेल, दुसरा म्हणतो नुसता पिना बदलणारा अडॅप्टर पुरे. मागच्या ट्रिपला ऐन सूर्यास्ताला बॅटरी संपली आणि आईबाबांचा समुद्रापुढचा फोटो राहिला तो राहिलाच, ते अजून मनात आहे. यंदा तसं होऊ द्यायचं नाहीये. नेमकं काय काय बरोबर घेऊ?

प्रकाशवेडा:
सगळ्यात आधी चार्जर उलटा करा आणि बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर कन्व्हर्टरचा विषयच संपला, आणि कॅमेऱ्याच्या चार्जरवर बहुतेक वेळा हेच असतं. जपानमध्ये १०० व्होल्ट आहे, तिथे पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०, तरी या चार्जरला काही फरक पडत नाही. बदलतो तो फक्त पिनांचा आकार. ब्रिटनला तीन चौकोनी जाड पिना (टाइप जी), फ्रान्सला दोन गोल, जपानला दोन चपट्या पट्ट्या. स्वित्झर्लंडचं सॉकेट वेगळं असतं पण बारीक दोन गोल पिनांचा प्लग त्यात बसतो. जपानला तीन पिनांचा प्लग पुष्कळ ठिकाणी जात नाही, म्हणून दोन पिनांचाच ठेवा. कन्व्हर्टर मात्र उगाच नेऊ नका, जड असतो आणि काही स्वस्तातले तर हेअर ड्रायरसारख्या गरम होणाऱ्या वस्तूंपुरतेच असतात, इलेक्ट्रॉनिक्स त्यावर लावलं तर खराब होऊ शकतं.

डोंगरवाट:
वरचं सगळं बरोबर, पण तुमचा खरा प्रॉब्लेम प्लगचा नाहीये, एकाच बॅटरीचा आहे! अजून दोन घ्या. आणि जास्तीच्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका, लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या असा नियम आहे, पॉवरबँकही त्यातच आली. प्रत्येकीच्या टर्मिनलवर प्लास्टिकची टोपी नाहीतर चिकटपट्टी लावा म्हणजे किल्लीबिल्लीला लागून शॉर्ट होणार नाही. मर्यादा एका बॅटरीला १०० वॉट-अवरची (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप), वॉट-अवर काढायचे म्हणजे व्होल्ट गुणिले एमएएच भागिले १०००. कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट २००० एमएएचची बॅटरी साधारण १४ वॉट-अवर भरते, २०००० एमएएचची पॉवरबँक ७४ च्या आसपास, म्हणजे दोन्ही आरामात बसतात. काही एअरलाइन्स आता विमानात पॉवरबँक वापरू देत नाहीत, तेव्हा निघण्याआधी त्यांचे नियम बघून घ्या.

वाटसरू_७:
आत्ताच बघितलं, १००-२४० लिहिलंय! जीव भांड्यात पडला. कॅमेऱ्याला यूएसबी-सी पण आहे, मग चार्जर न नेता पॉवरबँकवरच भागेल का?

प्रकाशवेडा:
भागेल, पण घरी एकदा करून बघा. बरेच कॅमेरे बंद असतानाच बॅटरी चार्ज करतात, चालू ठेवलं तर नुसती पॉवर घेतात, तीसुद्धा काही मॉडेलना पीडी (पॉवर डिलिव्हरी, यूएसबी-सीवरून जास्त पॉवर देण्याची पद्धत) सपोर्ट असलेल्या पॉवरबँकवरूनच मिळते, आणि काही जुन्या मॉडेलमध्ये तर ती सोयच नसते. शिवाय कॅमेऱ्यात एका वेळी एकच बॅटरी चार्ज होणार आणि तेवढा वेळ कॅमेरा अडकून पडणार, म्हणून मी बाहेरचा चार्जर नेतोच, रात्री एक बॅटरी त्यात आणि एक कॅमेऱ्यात.

निळी_छत्री:
एक गोष्ट कोणी लिहिली नाही. कितीतरी हॉटेलात दाराजवळ की-कार्ड खोचलं तरच रूमची वीज चालू राहते, कार्ड काढून बाहेर पडलात की चार्जिंग बंद. मी एकदा बॅटरी लावून जेवायला गेले आणि परत आले तर होती तशीच, सकाळी सहाला निघायचं होतं, फार हळहळ वाटली. तेव्हापासून झोपताना लावते.
स्वित्झर्लंडला वर बर्फात जाणार असाल तर जास्तीची बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाशी ठेवा. थंडीत बॅटरी लवकर बसते पण खिशात उबदार झाली की पुन्हा थोडी चालते, म्हणून संपली वाटली तरी दुसऱ्या खिशात ठेवून द्या. आणि वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवा, मिररलेसला स्क्रीनच सारखी बॅटरी खात असते, त्यामुळे फोटो काढल्यावर लगेच झूम करून बघत बसणं कमी करा, खूप फरक पडतो.

वाटसरू_७:
की-कार्डचं खरंच माहीत नव्हतं. दोन बॅटऱ्या आज ऑर्डर करतोय. आईबाबा याही वेळी बरोबर आहेत.