‘क्रीचर कम्फर्ट्स’ला ऑस्कर कशासाठी?

पिंपळपान: काल इथे कुणीतरी लिहिलं की ‘क्रीचर कम्फर्ट्स’ ही फिल्म म्हणजे मातीच्या बाहुल्यांची पाच मिनिटांची गंमत, पोरांनी बघायची, त्यात कसलं आलंय सामाजिक भाष्य. डोकंच फिरलं वाचून. अहो, त्यातले आवाज नटांचे नाहीतच! ब्रिटिश दिग्दर्शक निक पार्कने १९८९ मध्ये खऱ्याखुऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, त्यात वृद्धाश्रमातली म्हातारी माणसंही होती, आणि त्यांचं बोलणं प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या तोंडी घातलं. तो ब्राझीलचा जग्वार सांगतो की इथे सोयी सगळ्या आहेत, जागा तेवढी नाही. ते ऐकताना पिंजरा कुठला नि भाड्याची खोली कुठली, कळेनासं होतं.

उनाडवारा: ती पोस्ट माझी. आवाज खरे आहेत हेच तर मला खटकतं. जग्वारमागचा आवाज ज्याचा, तो मुलगा जीव तोडून सांगतोय आणि लोक हसतात त्याच्या उच्चारांना. मी दोन वर्षं लेस्टरला होतो, माझे व्ही आणि डब्ल्यू सारखेच यायचे, मीटिंगमध्ये लोक गालात हसायचे. मला नाही हसू येत.

लालबागकर: जागेचं काय सांगता. बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीत आम्ही सात जण, बाबांची रात्रपाळी म्हणून दिवसा आवाज करायचा नाही, मी बारावीचा अभ्यास जिन्यात बसून केला. आणि २०१६ ला मुंबईच्या राणीबागेत, प्राणिसंग्रहालयात, आठ पेंग्विन आले, त्यांना एसी!

मनीमाऊ: पेंग्विन काय स्वतः तिकीट काढून आले का? दक्षिण कोरियातल्या सोलहून उचलून आणलेत त्यांना. थंडावा नसेल तर मरतील ते.

लालबागकर: आणि माणसं मेली तर चालतात? आमच्या आजीला शेवटी पाय पसरून झोपता येईना हो.

मनीमाऊ: आजीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तो राग मुक्या जिवावर काढू नका.

पिंपळपान: अहो हेच तर आहे त्या फिल्ममध्ये! पिंजऱ्यातला प्राणी आणि खोलीतला माणूस, दोघांचं गाऱ्हाणं एकच. उनाडवारा, मी त्या जग्वारला कधीच हसलो नाही, मला तो एकटाच खरं बोलणारा वाटला. आणि पोरखेळ असता तर १९९१ ला ऑस्कर मिळालं असतं का? समोर निक पार्कचीच दुसरी फिल्म होती स्पर्धेत.

उनाडवारा: ऑस्करचं मला सांगू नका. जग्वारचं बोलणं पटतं, तेवढं मान्य. पण थिएटरमध्ये हशा कुठे पिकतो ते बघा एकदा, मग बोलू.

लालबागकर: आणि ते पेंग्विनचं राहिलंच.