जुन्या डेस्कटॉपला आधी रॅम की आधी एसएसडी? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

दगडीवाडा
झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात अजून सर्रास दिसणारं मशीन घ्या: आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबीची एकच डीडीआर३ रॅम स्टिक, ५०० जीबी हार्ड डिस्क, ६४ बिट विंडोज १०. कोरल ड्रॉ, ब्राउझरचे आठ-दहा टॅब आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर एकदम उघडलं की माऊससुद्धा अडकत चालतो. अशा वेळी हल्ली जो तो "एसएसडी टाका" म्हणून मोकळा होतो, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. माझं मत उलटं आहे. या मशीनला आधी रॅम, म्हणजे उघडी कामं तात्पुरती ठेवायची मेमरी, हवी.

४ जीबीतली जवळपास निम्मी विंडोज आणि अँटिव्हायरसच खातात. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच, त्यामुळे तेही याच रॅममधून वाटा घेतं. रॅम भरली की विंडोज जास्तीचा डेटा पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवर, ढकलतं. तिथे एसएसडी लावली तरी रॅमची सर येत नाही. १३३३ वेगाच्या एका रॅम स्टिकचा कमाल वेग सेकंदाला १०.६ जीबी, आणि एच६१ च्या साटा पोर्टवर (डिस्क जोडायची जागा) एसएसडी सेकंदाला २७०-२८० एमबीच्या आसपास थांबते. ४ जीबीची दुसरी स्टिक लावली की मेमरी दुप्पट होते, शिवाय ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं, सुरू होऊन वेगाची मर्यादाही दुप्पट. ग्राफिक्सला त्याचा थेट फायदा.

कातळकडा
असहमत. आकडे बरोबर आहेत, पण मशीन अडकतं ते सलग वाचनाच्या वेगामुळे नाही. विंडोज १० मागे सतत काहीतरी करत असतं: अपडेट, डिफेंडरचं (विंडोजच्याच अँटिव्हायरसचं) स्कॅन, सर्चसाठी फाइलींची यादी बनवणं. या सगळ्याचं वाचन बारीक बारीक तुकड्यांचं असतं. हार्ड डिस्कचं डोकं प्रत्येक तुकड्यासाठी जागा बदलतं आणि दर खेपेला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आत-बाहेर वाचनं. एसएसडी तेच काम हजारोंनी करते, अगदी जुन्या साटा पोर्टवरही.

मशीन सुरू करून काहीही न उघडता टास्क मॅनेजर बघा. रॅम निम्मी रिकामी आणि डिस्क १००% असं चित्र असेल, तर १६ जीबी टाकूनही सकाळी मशीन सुरू व्हायला लागणारी पाच-सात मिनिटं जशीच्या तशी राहतील.

आणखी एक. एसएसडी उद्या नव्या मशीनमध्ये जाईल. डीडीआर३ कुठेच जाणार नाही. तिला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, आणि खाचही वेगळ्या जागी.

दगडीवाडा
सकाळच्या मिनिटांबद्दल मान्य. पण दुकानात मशीन सकाळी एकदाच सुरू होतं, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना अडकतं ते दुपारी. त्या वेळचं मोजमाप घ्या. रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीच्या टॅबमध्ये "हार्ड फॉल्ट्स/सेक" हा स्तंभ आहे, म्हणजे रॅममध्ये नसलेला डेटा सेकंदाला किती वेळा डिस्कवरून आणावा लागला. नेहमीची सगळी कामं उघडी असताना तो आकडा मिनिटभर शेकड्यांत राहिला, तर रॅम कमी पडते आहे. प्रोग्रॅम उघडताना क्षणभर उसळून खाली आला, तर डिस्कचा दोष. मोजल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच विकत घेऊ नये.

खोडरबर
वाद चालू द्या, पण रॅम घ्यायचं ठरलं तर चूक दुकानातच होते, म्हणून थोडं सविस्तर.

स्टिकवरचं लेबल वाचा. "पीसी३-१०६००यू" किंवा "पीसी३-१२८००यू" हवं. शेवटचं अक्षर यू हे महत्त्वाचं. तिथे आर असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. जुन्या मालात ती स्वस्तात मिळते, स्लॉटमध्ये बसतेही, पण मशीन सुरू होत नाही. १६०० ची स्टिक चालते, फक्त आय३-२१२० वर ती १३३३ नेच पळेल. व्होल्टेज १.५ चं घ्या. १.३५ ची डीडीआर३एल सहसा १.५ वरही चालते. १.६५ ची गेमिंग स्टिक या प्रोसेसरला लावू नका.

"फक्त एएमडीसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त स्टिक इथे चालत नाहीत. त्यातल्या चिपची रचना इंटेलच्या प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला हाताळता येत नाही.

बोर्ड त्याहून जुन्या जी४१ चिपसेटचा असेल तर आणखी जपून. त्याला ४ जीबीची स्टिक सोळा चिपची लागते, लेबलवर "२आर×८" अशी. आठ चिपची "१आर×८" घेतली तर डिस्प्ले येत नाही, कारण त्यातली एकेक चिप दुप्पट क्षमतेची असते आणि तो चिपसेट ती ओळखत नाही.

बसवताना वायर भिंतीतून काढा आणि पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. क्लिप आपोआप "टक्" करून बसली पाहिजे. क्लिप हाताने ओढून लावावी लागली, तर स्टिक पूर्ण बसलेली नाही. जुन्या स्टिकचे सोनेरी दात काळवंडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. खोडरबरही चालतो, फक्त त्याचा कीस स्लॉटमध्ये पडू देऊ नका.

पाणवठा
माझ्या मते दोन्हीवर खर्च नको. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. हा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद ज्या मशीनवर उघडतात, ते सुरक्षा अपडेटशिवाय चालवणं मला पटत नाही. आठव्या पिढीचा जुना ऑफिस डेस्कटॉप घ्या.

कातळकडा
सुरक्षेचा मुद्दा शंभर टक्के खरा. घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटची मुदतसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच जाहीर झाली. पण आठव्या पिढीला डीडीआर४ लागते आणि २०२५ च्या अखेरीपासून ती चांगलीच महागली आहे. एसएसडी आत्ता घेऊन ठेवली तर निदान तो खर्च पुढे कामी येतो.

मात्र एसएसडी लावताना बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) साटाचा मोड जुना आयडीई आहे की नवा एएचसीआय, ते आधी बघा. मूळ विंडोज आयडीईवर टाकलेलं असेल आणि क्लोन केल्यावर (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर घेतल्यावर) नुसता मोड बदलला, तर निळा पडदा येतो. मोड बदलल्यावरचं पहिलं बूट सेफ मोडमध्ये करायचं, म्हणजे ड्रायव्हर लागतो.

दगडीवाडा
एका बाबतीत मी मागे येतो. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टल डिस्क इन्फो या सॉफ्टवेअरमध्ये सी५, म्हणजे पेंडिंग सेक्टरचा (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा शून्यापेक्षा जास्त असेल, तर रॅमचा विचारही करू नका. डेटा काढा, डिस्क बदला.

डिस्क ठणठणीत असेल तर मी रॅमवरच ठाम आहे. फक्त लावल्यावर ८ जीबी पूर्ण दिसते का ते तपासा. ४ च दिसली, तर एकेक स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून लावून बघा. एकाच स्लॉटमध्ये कोणतीच चालत नसेल, तर दोष बहुतेकदा रॅमचा नसतो. प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असते, किंवा पंख्याचे चार पाय सारखे दाबले गेलेले नसतात आणि तेवढा एक चॅनेल बंद पडतो. पंखा काढून परत नीट बसवला की कित्येकदा ते सुटतं. मग रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, लावा. एक जरी चूक लाल अक्षरांत आली तरी ती स्टिक वॉरंटीत परत.